अध्यक्षांच्या सुनेविरुद्ध

पंचायत समितीचा आमचा गण महिलांसाठी राखीव झाला आणि मी अर्ज भरला. खाडीकाठच्या एका वाचनालयात मी ग्रंथपाल, आणि तालुक्यातल्या वाचनालय कर्मचाऱ्यांच्या संघटनेची प्रमुख. वेतनश्रेणीसाठी अलिबागला मोर्चे काढून घसा बसला होता. वाटलं, आपल्यातलं कोणीतरी आत बसल्याशिवाय आपलं कोणी ऐकणार नाही. रस्त्यावर माझ्यामागे चालणारे लोक मतंही मलाच देतील, हे मी गृहीत धरलं. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय.

समोर उभी होती आमच्याच वाचनालयाच्या अध्यक्षांची सून. बॅनरवर तिच्यापेक्षा सासऱ्यांचा फोटो मोठा. भाषणंही तेच करायचे.

अर्ज भरला आणि आमची पेपर वाचायची खोली ओस पडली. रोज सकाळी पेपरावरून भांडणारे म्हातारे देवळाच्या पायरीवर जाऊन बसायला लागले. आमच्याकडे निवडणुकीत माणूस कुठे बसतो यावरून तो कुणाचा ते ठरतं. वाचनालय अध्यक्षांचं, पण टेबलामागे मी. उगाच विषाची परीक्षा कशाला, म्हणून कोणी फिरकेना.

त्यांचा मला राग आला नाही. राग आला तो संघटनेच्या सेक्रेटरीचा. पलीकडच्या गावातल्या वाचनालयात तो शिपाई. त्याला कामावरून काढलं तेव्हा मी त्याच्यासाठी उपोषणाला बसले होते. रेवदंड्याच्या बाजारात तोच सुनेची पत्रकं वाटताना दिसला.

"ताई, आमचे अध्यक्ष पण त्यांच्याच पक्षाचे हायत," तो म्हणाला. "नाय म्हटलं तर उद्या घरी बसवतील."

"मग मी उपाशी कशाला बसले होते?"

"तुमचे उपकार हायतच. पण कामावर ठेवणारे तेच ना."

मी सपाटून पडले. म्हातारे पेपरला परत हजर झाले, आणि आठवड्याभरात सेक्रेटरीही आला. संघटनेनं ठरवलं होतं, निवडून आलेल्या सुनेचा सत्कार करायचा आणि त्यातच मागण्यांचं निवेदन द्यायचं. आमच्याच वाचनालयात, माझ्याच हस्ते.

"तुमच्याशिवाय आमचं हाय कोण बोलायला, ताई?" तो म्हणाला.

याला लाज कशी वाटत नाही, असं मनात आलं. पण नाही म्हटलं असतं तर, ताई हरली म्हणून रुसली, एवढंच गावभर झालं असतं. मी हो म्हटलं.

सत्काराला संघटनेचे झाडून सगळे आले. मोर्च्यालाही इतके कधी आले नव्हते. मी सुनेच्या अंगावर शाल घातली, नारळ दिला आणि निवेदन पुढे केलं. ती घेणार इतक्यात सासऱ्यांनी हात मध्ये घातला. घडी न उघडताच त्यांनी ते खिशात टाकलं.

"पगाराचं बघू सावकाश," ते म्हणाले. "मॅडम, तुम्ही आधी चहाचं बघा."

सगळे हसले. सेक्रेटरी जरा जास्तच मोठ्यानं हसला. आणि मी चहा आणायला गेले.