परक्या दुकानात केलेली विक्री

मी माझ्या मुलीचा ड्रेस एका अनोळखी बाईंना विकला आहे. दुकान माझं नव्हतं, मी तिथे कामालाही नव्हतो, आणि विकायला मला कोणी सांगितलंही नव्हतं.

फलटणला माझं कापडाचं दुकान आहे. बावीस वर्षं मी गादीवर बसून लोकांना कपडे दाखवतोय, त्यामुळे कपडे घ्यायला दुसऱ्याच्या दुकानाची पायरी चढायची वेळ आमच्या घरात कधी आलीच नव्हती. पण सई दहावीत गेली, एका वक्तृत्व स्पर्धेच्या पुण्यातल्या अंतिम फेरीसाठी निवडली गेली, आणि तिने जाहीर केलं, "मला कपडे पुण्यात घ्यायचेत."

"अगं, आपलं स्वतःचं दुकान आहे."

"म्हणूनच," ती म्हणाली. (पंधरा वर्षांच्या मुलीशी चर्चा इथे संपते.)

स्पर्धेच्या आदल्या दिवशी सदाशिव पेठेत माझ्या भावाकडे बॅगा टाकल्या आणि आम्ही दोघं चालत लक्ष्मी रोडला निघालो. वाटेत सईने अटी घातल्या. "पप्पा, कापड चिमटीत धरून चोळायचं नाही. 'तुम्हाला यात काय सुटतं' असं दुकानदाराला विचारायचं नाही. आणि सूत खरं आहे का बघायला दोरा काढून काडेपेटीने जाळायचा तर अजिबात नाही." मी सगळं कबूल केलं आणि खिशातली काडेपेटी खिशातच राहू दिली.

तासाभराने एका मोठ्या दुकानाच्या दुसऱ्या मजल्यावर तिला हवा तो कुर्ता सापडला. गर्द हिरवा, गुडघ्याच्या खाली जाणारा आणि दोन्ही बाजूंना चांगले खोल खिसे. घालून बाहेर आली, खिशात हात घातले आणि आरशासमोर नुसती उभी राहिली. मला ती एकदम मोठी दिसली. मग आत जाऊन तिने तो बदलला आणि माझ्या हातात दिला.

"हा फायनल. या मापाचा एकच पीस आहे, सोडू नका. मी यावर पॅन्ट घालून बघते." आणि ती ट्रायल रूमच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

मी सोडणार नव्हतो. पण समोरच्या टेबलावर कुर्त्यांचा ढीग पडला होता. उलगडलेले, बाह्या लोंबणारे, कोणी वाली नसलेले. असा ढीग दिसला की माझे हात माझं ऐकत नाहीत. सईचा कुर्ता जपून बाजूला ठेवला आणि मी घड्या घालायला लागलो. पाचवी घडी घालत होतो तेवढ्यात सुती साडीतल्या एक काकू पुढ्यात येऊन उभ्या राहिल्या.

"अहो, तो निळा दाखवा जरा. भाचीसाठी हवाय."

मी इथला नाही, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. पण बावीस वर्षांत मी समोर आलेल्या गिऱ्हाइकाला नाही म्हटलेलं नाही. तोंडातून आपसूक निघालं, "या ना ताई, बसा." (बसायला खुर्ची नव्हती.) मी निळा दाखवला, मग मोतिया, मग जांभळा. काकू प्रत्येकाला "हं" म्हणत होत्या. पुण्यातलं "हं" म्हणजे नकार असतो हे मला माहीत होतं, आणि त्यानेच मला चेव चढला. आता आमच्या धंद्यात एक पद्धत असते. सगळ्यात चांगला माल आधी दाखवायचा नाही, हाताशी बाजूला ठेवायचा, आणि गिऱ्हाईक उठायला लागलं की काढायचा. काकूंनी पिशवी खांद्याला लावली. माझा हात सवयीने बाजूला गेला.

"मग हा बघा. कापड फाटेल, पण रंग जाणार नाही. शिलाई बघा, डबल आहे. खिसे बघा. शेवटचा पीस, परत येणार नाही."

काकू पहिल्यांदाच "हं" म्हणाल्या नाहीत. कुर्ता घेऊन त्या बिलाच्या रांगेकडे गेल्या आणि मी समाधानाने सहावी घडी घातली.

"पप्पा, कुर्ता?"

सई समोर उभी होती. मी टेबलाकडे पाहिलं, मग रांगेकडे पाहिलं, आणि माझ्या चेहऱ्यावरून तिला सगळं कळलं.

"विकलात?"

"चुकून गं."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, "मी लहानपणापासून दुकानात उरलेलं घालते, पप्पा. जे कोणी घेत नाही ते माझं. एकदाच म्हटलं, कोणी टाकलेलं नाही, मला आवडलंय असं घालून बोलायला उभं राहू."

मी ते कपडे तिला नवेच म्हणून देत होतो आणि ते नवे होतेही. फक्त दिवाळी झाल्यावर दुकानात काय उरतं, हे तिलाही दिसतं, एवढं माझ्या कधी डोक्यात आलं नाही. फार वाईट वाटलं मला. तसाच रांगेकडे पळालो.

"ताई, तो कुर्ता विकायचा नव्हता."

"मग दुकानात दर्शनाला ठेवला होता का?"

"तसं नाही. मी इथे कामाला नाही."

"मग मघापासून माझ्याशी कशाला बोलत होतात?"

मी दुसऱ्या बाजूने सुरुवात केली. "खरं सांगू का, याचा रंग जाईल."

"मघाशी म्हणालात, कापड फाटेल पण रंग जाणार नाही."

"शिलाई पण कच्ची आहे."

"मघाशी उलटा करून दाखवलीत. डबल आहे म्हणालात. मी तीस वर्षं शाळेत शिकवलंय, उलटतपासणी मला जमते."

रांगेतल्या दोन बायकांनी 'रंग जाईल' एवढंच ऐकलं आणि आपापले कपडे परत ठेवायला निघाल्या. त्यांच्यामागून आणखी एक निघाली. मॅनेजर धावत आला. "कोण म्हणालं रंग जातो?"

"हे तुमचे सेल्समन," काकू म्हणाल्या.

"हे आमचे नाहीत," मॅनेजर म्हणाला, आणि सगळी रांग माझ्याकडे वळून बघायला लागली.

तेवढ्यात सई पुढे आली. डोळे ओले होते, पण आवाज साफ होता. "काकू, तुमच्या भाचीला हा कुठे घालायचाय?"

"बँकेत. नवीन नोकरी लागलीय."

"उंची किती आहे तिची?"

"लहानखुरी आहे. माझ्या खांद्याला लागते."

सईने कुर्ता काकूंच्या खांद्याशी धरून दाखवला. "मग हा तिच्या घोट्यापर्यंत येईल. खालून कापला तर बाजूच्या चिरा बिघडतील आणि खिसे गुडघ्याशी राहतील." मग ती टेबलाशी गेली, मी घातलेल्या घड्यांतून एक हळदी रंगाचा आखूड कुर्ता काढून आणला. "हा बघा. यालाही खिसे आहेत आणि ऑफिसात रोज घालता येईल. आवडला नाही तर हिरवाच न्या, तुम्ही आधी घेतलाय."

काकूंनी दोन्ही कुर्ते शेजारी धरून पाहिले. बराच वेळ पाहिले. मग माझ्याकडे मान वळवली. "तुम्ही उंची विचारलीच नाहीत."

"ते विचारत नाहीत," सई म्हणाली. "बोलतात फक्त."

काकूंनी हळदी ठेवून घेतला आणि हिरवा तिच्या हातात दिला. मॅनेजरने सईला सांगितलं, दहावी झाल्यावर सुट्टीत काम हवं असेल तर ये. मला म्हणाला, "काका, आपण घरी चला."

दुसऱ्या दिवशी सई स्टेजवर खिशात हात घालून उभी राहिली आणि बोलली. दुसरा नंबर आला. माझं भाषणाकडे लक्ष नव्हतं, मी कुर्त्याकडेच बघत होतो आणि माझे डोळे उगाच भरून येत होते.

आता दर रविवारी ती आमच्या दुकानात बसते. आधी उंची विचारते, मग कुठे घालायचंय ते विचारते, आणि दोनच कपडे दाखवते. माल भरायलाही माझ्याबरोबर येते, आणि स्वतःला आवडेल ते आधी बाजूला काढते. गेल्या रविवारी तिचा क्लास होता म्हणून गादीवर मी एकटाच होतो. एक बाई चपला काढून आत आल्या, माझ्याकडे पाहिलं, मग सगळं दुकान नजरेखालून घातलं आणि मलाच विचारलं, "कोणी नाहीये का दुकानात?"