हंसातला तारा आणि आसाराम

पाथर्डीत घड्याळं दुरुस्त करणाऱ्या आसारामने स्वतः आरसा घासून दुर्बीण केली होती. ती शेजारीच माझ्या गच्चीवर असायची. हंस तारकासमूहातल्या एका ताऱ्याच्या तो मागे लागला होता. दिसायला तो एक, पण आहेत दोन, अगदी लगत. एकाचा वायू दुसऱ्याभोवती साचत जातो आणि महिन्या-दोन महिन्यांनी भडका उडतो.

"एक देतोय, दुसऱ्याला पचंना," आसाराम म्हणायचा.

"त्या भडक्यावर भाकर भाजती का, इचारा," त्याची बायको चांगुणा खालून ओरडायची.

परदेशातल्या एका निरीक्षक मंडळाला दरमहा ताऱ्याच्या तेजाच्या नोंदींचा तक्ता जायचा. आसारामला इंग्रजी येत नव्हतं आणि मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, म्हणून तो मी लिहायची.

१९७२ च्या नऊ ऑक्टोबरला दिवेलागणीनंतर त्याने गच्चीवरून हाक मारली, "बाई, वर या. लई उजाळलाय!"

आधीच्या भडक्याला जेमतेम तीन आठवडे झाले होते. माझा गुडघाही दुखत होता. "उद्या बघू," मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी तो बहिणीकडे कर्जतला गेला. पंधरवड्याने परतला, तेव्हा तारा मंद होता.

"शेजारचा तारा बघितला असशील," मी म्हणाले आणि नऊ तारखेपुढे 'मंद' लिहून टाकलं. मला तक्ता नेटका लागतो.

"आसंल. डोळं चाललं माझं."

त्याने दुर्बिणीवर गोणपाट टाकलं. पुढे बायकांची बारीक घड्याळंही दुरुस्तीला घेईना.

जानेवारीत मंडळाचं पत्रक आलं. नऊ ऑक्टोबरचा भडका चार देशांतून दिसला होता.

"काय लिवलंय, बाई?"

"नेहमीचंच."

नऊ महिने मी गप्प राहिले. दसऱ्यानंतर चांगुणा सांगत आली, "दुकान बंद करून ऊसतोडीला जायचं म्हनत्यात. घड्याळाचा काटा दिसंना, पर कोयता दिसंल म्हनं."

मी पत्रक घेऊन तशीच दुकानात गेले. वाचून मराठीत सांगितलं. 'मंद' कोणी लिहिलं, तेही सांगितलं.

"म्हंजी मी बरुबर व्हतो?"

"हो."

"मंग वरीसभर आंधळा कशापायी झालो, बाई?"

त्याने चांगुणाला बांधलेलं गाठोडं सोडायला सांगितलं आणि भिंग डोळ्याला लावलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

मंडळाला मी दुरुस्तीचं पत्र टाकलं. दुर्बीण त्याने दुसऱ्याच दिवशी माझ्या गच्चीवरून नेली. आता तक्ता कोण लिहितं, मला ठाऊक नाही.