सरणाजवळचं हसू

शाल, नारळ आणि शिट्टी मारणारा माईक, एवढ्यावर माझा दौरा चालतो. मी विनोदी गोष्टी लिहितो आणि गावोगाव जाऊन वाचून दाखवतो. गोष्टी बहुतेक मरणाच्या असतात आणि लोक पोट धरून हसतात. आयोजक ओळख करून देताना "हसवून हसवून मारणारे" असं म्हणतो, तेव्हा त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटते. पण हातात नारळ असतो. यंदा अंबड झालं, परतूर झालं, मंग मंठा. सगळीकडं फर्माईश एकच, "ती स्मशानातली सांगा!"

ती गोष्ट घडलेली आहे. सहा वर्षांपूर्वी माझा दोस्त गेला. त्याचं मंठ्यात बियाण्याचं दुकान, घर जवळच्या खेड्यात. माझे सुरुवातीचे सगळे कार्यक्रम त्याच्या मोटरसायकलवर मागं बसून झाले. प्रत्येक ठिकाणी आम्ही उशिरा पोचायचो, कारण हा बाबा कधी वेळेवर तयारच नसायचा. पोचलो की शेवटच्या रांगेत दाराजवळ बसायचा आणि सगळ्यांच्या आधी हसायचा. गोष्टी त्याला पाठ, त्यामुळं माझं वाक्य संपायच्या आतच ह्याचं सुरू. पाणी आटलेल्या हापशाचा दांडा मारावा तसं कोरडं हसू. ते ऐकून मंग बाकीचे हसायचे. "अरे, वाक्य तर पुरं होऊ दे!" म्हणून मी त्याच्यावर चिडायचो.

एका सकाळी छातीत कळ आली आणि गेला.

आमच्याकडं स्मशानात भाषणं होतात. सरण रचून झालं होतं, त्याला वर ठेवलं होतं, पण त्याचा पुण्याचा भाऊ पोचायचा होता. तोवर श्रद्धांजली सुरू झाली. माजी सरपंचानं आपण केलेल्या रस्त्याची माहिती दिली. निवडणुकीला उभा राहणारा एक जण मयताचं नावच विसरला, तरी वीस मिनिटं बोलला. मी उन्हात धुमसत उभा. मंग कुणीतरी म्हणालं, "आता आपले लेखक दोन शब्द बोलतील." नाही म्हणायला पाहिजे होतं. दोस्ताच्या सरणाजवळ गप्प राहावं, एवढी अक्कल मला हवी होती. पण समोर माणसं बसलेली दिसली की मला राहवत नाही. मी म्हणालो, "हा माणूस आज जन्मात पहिल्यांदा वेळेवर तयार झाला, आन् तुम्ही भाषणं ठोकून त्याला उशीर करून राह्यले!"

आधी एकानं तोंडात रुमाल कोंबला. मंग सगळं स्मशान हसलं.

पण त्यांच्याही आधी, माझं वाक्य पुरं व्हायच्या आत, मागच्या कडुलिंबाखालून ते कोरडं हसू आलं होतं. मी वळून बघितलं नाही. हिंमतच झाली नाही, खरं सांगतो. पुढं त्या भाषणांची मी गोष्ट केली, तेवढं हसू वगळून. ते वाक्य पुरं करायच्या आधी प्रत्येक कार्यक्रमात मी जरासा थांबायचो. लोकांना वाटायचं, काय टायमिंग आहे! मी दाराकडं बघत असायचो.

मंठ्याला दुपारी चार वाजता वाचनालयात कार्यक्रम होता. तिथंही थांबलो आणि तिथंही काही ऐकू आलं नाही. सेल्फीवाले गेले, खुर्च्या उचलणं सुरू झालं, आणि शेवटच्या रांगेत दाराजवळ वहिनी बसलेल्या दिसल्या. त्याची बायको. सहा वर्षं मी त्यांच्या नवऱ्याचं सरण दौऱ्यावर फिरवत होतो आणि त्यांना एका शब्दानं विचारलं नव्हतं.

"वहिनी, चुकलं माझं," मी आधीच बोलून टाकलं.

"ते राहू द्या, भावजी. मला एकच इचारायचंय. बराबर सांगा."

बायका आमच्याकडं स्मशानात जात नाहीत. वहिनींचं घर ओढ्याच्या अलीकडं, स्मशान पलीकडं. त्या दिवशी वहिनी बायकांच्या गराड्यात बसल्या होत्या आणि पलीकडून हसणं ऐकू आलं.

"लोक हसले, त्याचं मला काही न्हाई," वहिनी म्हणाल्या. "पण लोकांच्या आधी हे हसले. मी ऐकलं. सासूबाई म्हणल्या, डोक्यावर परिणाम झाला. माझ्या भावानं डॉक्टरकडं नेलं, गोळ्या चालू केल्या. कुणी मानलंच न्हाई. सहा वर्षं मलाच कळंना, मी येडी हाय का काय. आज तुम्ही बोलता बोलता थांबले आन् दाराकडं बघितलं. कुणाला बघत व्हते?"

खोटं बोलणं मला सहज जमतं, धंदाच तो. पण त्या माझ्या तोंडाकडं अशा बघत होत्या की आज ते जमलं नाही.

"मीबी ऐकलं," मी म्हणालो. "लिंबाखालून आल्तं."

वहिनींनी पदर तोंडाला लावला. मंग म्हणाल्या, "सहा वर्षं बोलले का न्हाई?"

"लोक हसतील म्हणून."

हे बोलताना मला माझीच किळस आली. माझ्या अब्रूपायी ही बाई गोळ्या खात राहिली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं, पण त्यांनी वेगळंच विचारलं.

"नंतर येतात का ते, तुमच्या कार्यक्रमाला?"

"न्हाई वहिनी. एकदाबी न्हाई."

"घरीबी न्हाई आले." त्या उठल्या, पिशवी खांद्याला लावली. "मंग ही गोष्ट आता सांगू नका, भावजी. तुम्ही त्यांना गावोगाव बोलावून राह्यले, ते तुमच्याच मागं हिंडत असतील. त्यांना तसाबी घरी यायला उशीरच व्हतो."

दुसऱ्या दिवशी जालन्यात पुन्हा तीच फर्माईश झाली. "ती गोष्ट मी विसरलो," म्हणालो. लोक त्यालाही हसले. मी दाराकडं बिलकुल बघितलं नाही. म्हटलं, जाऊ दे त्याला घरी.