कॅसरोल आत ठेवा

सांगते, पण आधी हातातला चहा खाली ठेवा. मागे आमच्या ह्यांना सांगत होते, तर नव्या शर्टावर अख्खा कप सांडला!

त्या आठवड्यात माझा पोळ्यांचा कॅसरोल गायब झाला होता. लाल, झाकणावर फुलं असलेला. कुणीतरी नेला आणि परत दिला नाही, हे माझं ठाम मत. साखर मागायच्या निमित्ताने पिंप्राळ्यातल्या आमच्या गल्लीतली सहा स्वयंपाकघरं बघून आले. साखरेचा डबा भरला, कॅसरोल काही दिसेना.

राहिलं होतं शेजारचं घर. तिथले आबा आणि त्यांची नवी सून सायली. धुळ्याची, चांगली शिकलेली. आबांचे सगळे दात काढलेले, आठ दिवस बिचारे मुगाच्या खिचडीवर. त्या सकाळी तर त्यांनी ताट सरकवलं आणि भिंतीकडे तोंड करून बसले. पोरगी रडवेली झालेली.

"काकू, आज आबांसाठी कॅसरोल करतेय," ती म्हणाली.

करतेय? अहो, कॅसरोल करतात? तो भांड्यांच्या दुकानातून आणतात! पण शिकलेल्या मुलीपुढे अडाणी कशाला दिसायचं? म्हटलं, "कर की. मीही करते अधूनमधून."

तिने मटणाचा खिमा काळ्या मसाल्यात मऊ शिजवला, काचेच्या भांड्यात पसरला, वर उकडलेल्या बटाट्याचा लोण्यासारखा थर दिला. चावायचं कामच नाही! वास असा, की भिंतीकडे तोंड केलेले आबा दोनदा दारात डोकावून गेले.

"काकू, ओव्हन तापत ठेवलाय. कोपऱ्यावरून कोथिंबीर घेऊन येते. त्याचा दिवा विझला की तेवढं कॅसरोल आत ठेवाल?"

"तू जा गं, मी आहे ना!"

दिवा विझला. ओट्यावर दोन वस्तू. एक ते काचेचं भांडं. आणि दुसरा... लाल कॅसरोल, झाकणावर फुलं! माझाच असणार! पण असले डबे घरोघरी असतात. माझ्या डब्याच्या बुडाला मी नेलपॉलिशने 'मंगला' लिहिलंय. उलटा करून बघावं, तर आत गरम पोळ्या. म्हटलं, रिकामा झाला की बघू. आधी सांगितलेलं काम करू.

काच तापली की तडकते, एवढं मला कळतं. कॅसरोल म्हणाली, कॅसरोल ठेवला! जेमतेम मावला.

थोड्या वेळात वास सुटला. आबा नाक दाबून दारात.

"मंगला, काय जळी ऱ्हायनं व?"

"आबा, नवा पदार्थ शे. धुळ्याकडला."

"मी बी धुळ्याकडलाच शे!"

तेवढ्यात सायली आली. "काकू, बटण बंद करा!" दार उघडलं तर जाळीवरून लाल प्लास्टिक चिक्कीच्या पाकासारखं ओघळतंय.

"हे काय ठेवलंत?"

"तूच म्हणालीस, कॅसरोल ठेवा!"

"अहो, कॅसरोल हे! पदार्थाचं नाव आहे ते!" तिने काचेच्या भांड्याकडे बोट दाखवलं.

"हे? ही तर भाजी!"

पोरगी मटकन खाली बसली. "आता आबा पुन्हा जेवणार नाहीत."

मी धावत घरी गेले, जाड बुडाची कढई आणली. खिमा-बटाटा सगळा तिच्यात उपसला, झाकण घातलं, मंद गॅसवर ठेवला. थर-बीर सगळे एक झाले. पण खालून अशी खमंग खरपुडी धरली म्हणता!

आबांनी पहिला घास जिभेवर घोळवला. मग त्यांनी वाटी पुढे केली. एकदा, दोनदा, तीनदा!

"पोरी, उद्या बी हाईच कर!"

सायली पदराने डोळे पुसत हसायला लागली. आता मला जोर चढला. वितळलेला डबा खरवडून काढला, बूड उलटं केलं. 'मं' वितळला होता, 'गला' मात्र शाबूत!

"सापडला!" मी ओरडले. "म्हणजे तुम्ही नेला होता माझा कॅसरोल!"

सायली हळूच म्हणाली, "काकू, आबांचे दात काढले त्या दिवशी तुम्हीच पाठवला होता. चकल्या भरून."

आबा इतके हसले, इतके हसले, की त्यांच्या तोंडात एकही दात नाही हे मला तेव्हा कुठे नीट दिसलं.