नवव्या मजल्यावरचे घाडीगावकरदादा

आदरणीय मोहनदादा घाडीगावकर यांच्या अमृतमहोत्सवी अंकासाठी चार ओळी लिहा, असा निरोप समितीकडून आला तेव्हा मी दोह्यात एका इमारतीच्या गच्चीवर केबल ओढत होतो. लिहिण्याचा आणि माझा संबंध आठवीतच सुटला. नोकऱ्याही मी एका जागी टिकून केल्या नाहीत. पण दादांसाठी नाही कसं म्हणणार? ज्या कामावर मी जगतो ते काम त्यांनीच हातात दिलेलं आहे.

दादा आमच्या लालबागच्या चाळीचे वायरमन. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी हे काम धरलं. त्यांची माझी पहिली ओळख ओरडा खाऊनच झाली. अम्मीला कॅलेंडरसाठी खिळा हवा होता, मी स्टुलावर चढलो आणि दिला ठोकून. आमच्या दोन खोल्यांमधली भिंत म्हणजे फळ्या आणि वरून चुना. खिळा थेट दादांच्या घरात निघाला आणि काकींचा आरसा खाली. दादा दारात येऊन उभे राहिले. "मेल्या, भिंत काय तुझ्या एकट्याची? आधी हाळी घालूक नको?"

चाळीचा रिवाजच होता तो. आधी भिंतीवर थाप मारायची, "काढा रे" म्हणून ओरडायचं, पलीकडच्यांनी फोटो-आरसे उतरवून "मार" म्हटलं की मगच हातोडी उचलायची. अम्मी माफी मागायला गेली तर दादा म्हणाले, "भाभी, आरसो जावंदे. ह्येका उद्यापासून माझ्यावांगडा धाड. हातोडयेची हौस आसा, तर नीट तरी शिकात."

असा मी त्यांचा शिष्य झालो. कोकणातले हिंदू, तेलुगू विणकर, रत्नागिरीकडचे आमच्यासारखे मुसलमान, तळमजल्यावरचा काठेवाडी वाणी, सगळ्यांच्या माळ्यांवर आम्ही दोघं चढलो. रमजानात माझा रोजा असला की कुठल्याच घरी दादा चहा घ्यायचे नाहीत. कोणी आग्रह केला तर म्हणायचे, "आज पोटात गडबड आसा." महिनाभर त्यांचं पोट बिघडलेलंच असायचं.

तरी आमची चाळ स्वर्ग होती असं मी लिहिणार नाही. नळावर भांडण झालं की एकमेकांची जात निघायची. माझ्या जन्माआधी शहरात दंगल झाली, तेव्हा अम्मी आणि अब्बा दादांच्या घरात राहिले होते. अम्मी सांगते, दादा जिन्यात बसून राखण करायचे. बाहेरच्यांपासून नाही, चाळीतल्याच चार पोरांपासून. ती पोरं पुढे दादांच्या पाया पडायची आणि दादा पाठीवरून हातही फिरवायचे. मला ते कधीच जमलं नसतं.

मग चाळ पाडली, टॉवर उभा राहायला लागला. अब्बा तोवर गेले होते. अम्मी भाड्याने मुंब्र्याला गेली, मी इकडे आलो. काकीही त्याच काळात वारल्या. टॉवरमधली घरं वाटायची वेळ आली तेव्हा मीटिंगमध्ये एक सूचना आली, की आपापली माणसं एका मजल्यावर घ्या. तेलुगू लोकांचा वेगळा मजला, मालवणकडच्यांचा वेगळा, "भाभींच्या लोकांचा" वेगळा. सोयीचं पडेल, वाद होणार नाहीत. दादा उभे राहिले. "चाळीत कोणी आपलो शेजार निवडलो होतो? चिठ्ठ्ये काढा." एवढंच बोलून बसले. चिठ्ठ्या निघाल्या, आणि आमचं घर नवव्या मजल्यावर, नेमकं दादांच्या शेजारी आलं. फोनवर दादा मला म्हणाले, "इरफान, माझो शेजार माका परत गावलो रे!" त्यांना एवढं खूश मी कधी ऐकलं नव्हतं.

पण चिठ्ठ्या निघाल्या तशा अदलाबदलीही सुरू झाल्या. कागदावर कायदेशीर, सगळं गोडीगुलाबीत. तेलुगू घरं पाचव्यावर गोळा झाली, दादांचे मालवणकडचे गाववाले अकराव्यावर. नववा मजला भाडेकरूंचा झाला, सहा-सहा महिन्यांनी चेहरे बदलणारा. दादांचा पुतण्या त्यांना न्यायला आला. "काका, वर चला. सगळी आपली माणसं आहेत, एकटे कशाला राहता?" दादा म्हणाले, "एकटो खय? खतीजा भाभी येतली मा."

अम्मी घर बघायला गेली. दादांनी तिच्यासाठी बोर्ड बसवून ठेवला होता, प्रत्येक बटणाखाली पंखा, ट्यूब असं स्वतः लिहून. उतरताना लिफ्टमध्ये चाळीतली जुनी शेजारीण भेटली. प्रेमाने हात धरून म्हणाली, "भाभी, तुम्ही येताय होय इथे? मला वाटलं तिकडेच बरं पडत असेल तुम्हाला, आपल्या माणसांत."

त्या संध्याकाळी अम्मी मला फोनवर म्हणाली, "नको रे इरफान." मी चिडलो, कोण काय बोललं ते विचारलं. ती म्हणाली, "कोणी वाईट बोललं नाही. सगळे आपल्या भल्याचंच बोलतात. वाईट बोलले असते तर भांडले असते मी."

दादांना ते मीच कळवलं. ते म्हणाले, "थंय तुमका खोल्ये कशे देतत रे?" मी सांगितलं, कामगारांच्या कॅम्पात खोल्या देशाप्रमाणे. नेपाळी वेगळे, बंगाली वेगळे, आम्ही वेगळे. दादा म्हणाले, "म्हणजे हयसारख्याच." आणि हसले. ते हसणं मला नको होतं. आमचं घर आता भाड्याने जाईल.

ज्यांना हा पराभव वाटेल त्यांनीही दादांना हरलेला माणूस म्हणू नये. चिठ्ठ्या काढा म्हणणारे ते एकटेच होते आणि निघालेल्या चिठ्ठीला जागणारेही ते एकटेच राहिले.

सत्काराला सगळा टॉवर जमेल, अकरावा मजला, पाचवा मजला, सगळे. शाल, हार, फोटो होतील. त्यानंतर दादांना लिफ्टपाशी सोडून परतू नका. कोणीतरी नवव्यापर्यंत जा, आत बसा, चहा मागा. दादांना निरोगी शंभर वर्षं मिळोत, आणि त्यातली उरलेली पंचवीस त्यांना एकट्याने काढावी लागू नयेत, एवढीच इथून माझी दुवा.