नाल्यात सून गात नव्हती

अस्वल माझ्या अंगावर होतं आणि त्याच्या तोंडाला सीताफळाचा वास येत होता.

इतका गोड वास इतक्या जवळून मी कधी घेतला नव्हता. डोक्याची कातडी फाटली होती, डोळ्यात रक्त उतरत होतं, तरी दुखत काही नव्हतं. वर झाडाची पानं हलत होती, हळूहळू, पाण्याखाली हलावीत तशी. अस्वलाचे केस माझ्या तोंडात गेले होते. मी ओरडत होते की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. ओरडले असेन तरी ऐकणार कोण? नाल्याच्या वर आमच्या गुरांच्या कोठ्यात माझा मुलगा ड्रम बडवत होता. ती धडधड मला आधी माझ्या छातीतली वाटली. मग वाटलं, अस्वलाच्या छातीतली आहे.

आणि डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, की सून कुठे आहे? मी नाल्यात उतरले ती तिला जेवायला बोलवायला. नाल्यातून जी गुरगुर येत होती, ती मी सुनेची समजले होते.

हे नीट सांगायला पाहिजे, नाहीतर लोक हसतात. सांगितल्यावरही हसतात, ते वेगळं.

आमचं वावर रोहिणखेडच्या वरच्या अंगाला, जंगलाला लागून आहे. मका लावला की रानडुकरं येतात, तूर फुलली की रोही, म्हणजे नीलगायी, येतात. लहानपणी माझी शाळा चौथीत सुटली ती पाखरं हाकलण्यासाठीच. ज्वारीत माळा बांधलेला असायचा. त्यावर बसून मी दिवसभर ओरडायची. ऊन वर चढलं की सगळं वावर डोळ्यांसमोर हलायला लागायचं आणि आपलाच आवाज दुसऱ्या कोणाचा तरी वाटायचा, डोंगराकडून आलेला. तेवढं सोडलं तर त्या कामात काही मजा नव्हती.

मुलाचं फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान आहे. बैल विकल्यावर वावरातला कोठा रिकामा झाला, तर त्यात त्यानं ड्रम आणून मांडले. दोन मित्र गिटार घेऊन यायला लागले. पहिल्या दिवशी त्यांनी वाजवलं तेव्हा टिनावरची चिमणी उडाली ती पुन्हा आली नाही.

"हे काय होय रे?" मी विचारलं.

"याले हेवी मेटल म्हणतात, माय."

"म्हणजे भंगार?"

"हाव, तसंच समज."

गावात त्यांना कोणी वाजवू देत नव्हतं. मी वाजवू दिलं, कारण ते वाजवायचे त्या दिवशी डुकरं फिरकत नव्हती. कोणाला वाटेल म्हातारीचं मन मोठं. मन मोठं नाही, मका मोठा झाला होता.

त्यांचा पहिला गाणारा मोटारी भरायचा, विहिरीवरच्या जळालेल्या, नवी तार गुंडाळून. काडीसारखा पोरगा, पण आवाज असा काढायचा की कुत्र्यांनी कान पाडावेत. उंच, बारीक, टोकदार. त्यांचं एक गाणं होतं, गावातली डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाल्याचं. डीपी जळते, वीज जाते, पाणी असून पिकाला देता येत नाही, एवढंच त्यात होतं. हे गाणं ते सगळ्यात जास्त वाजवायचे, म्हणून तिन्ही गाणाऱ्यांची तुलना मला त्याच गाण्यावरून करता येते. पहिला गायचा तेव्हा वाटायचं, डीपी आत्ता जळाली आणि हा वायरमनला हाका मारून राहिला आहे.

पण बुजगावण्याचा शर्ट मधूनमधून बदलावा लागतो. जनावराला तोच शर्ट रोज दिसला की ते खुशाल त्याच्या सावलीत चरतं. पहिल्याचं तेच झालं. तो बेंबीच्या देठापासून किंचाळत होता आणि मी मक्याच्या कडेला जाऊन पाहिलं तर डुकरीण पिल्लांसह कणसं मोडत होती. मी मुलाला म्हटलं, "गाणारा बदला."

"माय, तो काय बुजगावणं आहे का?"

"मग काय आहे?"

तो बिचारा पुढे कंपनीत लागला आणि पुण्याकडे गेला. माझ्यामुळे नाही गेला.

दुसरा आला तो भजनात गाणारा. गोरा, केसांना तेल, पायातल्या चपला कोठ्याबाहेर काढून आत जायचा. त्याचा दम लांब होता. एक सूर धरला की मी चुलीवरची भाकर उलटून, शेकून, उतरवून घ्यायची तरी तो सूर चालूच. तो डीपीचं गाणं म्हणायचा तेव्हा वाटायचं, डीपी जळून महिना झाला, आता रडून काय उपयोग. ऐकताना डोळे मिटायचे. झोप येत नव्हती, पण जागंही वाटत नव्हतं. संध्याकाळी पऱ्हाटीवरून वारा यायचा, त्या सुरात कापूस पांढरा कुठे संपतो आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळायचं नाही. मला तो आवडायचा. डुकरांनाही आवडायचा. ती तर बसूनच राहायची.

मोबाइलवर त्यांची गाणी टाकलेली होती. खाली लोक लिहायचे, मुलगा जेवताना वाचून दाखवायचा.

"लोकं भांडून राह्यले, माय. अर्धे म्हणतात पहिलाच खरा होता, दुसऱ्यानं सत्यानाश केला. अर्धे म्हणतात पहिल्याले गाताच येत नव्हतं."

"यायले कामधंदे नाहीत का?"

"तू सांग ना, कोण बरा?"

"कालवण वाढ तिले," मी म्हटलं. सून कोपऱ्यात खाली मान घालून जेवत होती. ती हसली, पण आवाज न करता.

सून बीबीकडची, लोणार तालुक्यातली. लग्न होऊन आली तेव्हापासून माझ्यासमोर ती इतकं हळू बोलायची की मला दोनदा विचारावं लागायचं. मला हळू बोलणारी माणसं आवडत नाहीत. काहीतरी लपवतात. ही पण लपवत होतीच.

दुसरा गाणारा लग्नातल्या ऑर्केस्ट्रात गेला. त्यानंतर बँड काही दिवस गाणाऱ्याविना होता. एका दुपारी मी तुरीच्या कडेला गवत कापत होते आणि खालून, नाल्यातून, गुरगुर आली. जाडी, ओली, जमिनीतून निघाल्यासारखी. मी विळा घट्ट धरला. मग त्या गुरगुरीत शब्द यायला लागले, डीपीच्या गाण्याचे. खाली वाकून पाहिलं तर सून, डोक्यावर पदर, तोंड नाल्याच्या दरडीकडे केलेलं.

"काय वं, अंगात आलं का?"

ती दचकली. "नाही, आत्याबाई. मोबाइलवर पाहून शिकले."

"हा आवाज कुठून काढतेस?"

"पोटातून."

"दुखत नाही?"

"नाही. उलट बरं वाटतं."

मुलाला तिनं आधीच सांगितलं होतं. म्हणजे मलाच ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, गा, मग कोठ्यात गा. ती कोठ्यात गायला लागली, पण रियाझ मात्र नाल्यातच करायची. सासूसमोर गुरगुरायची लाज वाटते म्हणे. गाणं चालेल, पण रियाझ नाही. मी तिला म्हटलं, गुरगुरायचं तर समोर ये आणि माझ्यावर गुरगुर. ती पुन्हा आवाज न करता हसली.

डुकरं तिच्या आवाजाला पहिल्याच दिवशी जी पळाली ती परत आली नाहीत. मोबाइलवर लोकांनी वाईट लिहिलं, बाईमाणसाला शोभतं का, पहिला परत आणा. मला विचाराल तर डीपीचं गाणं पहिल्या दोघांनी डीपीबद्दल म्हटलं. सून म्हणायची तेव्हा वाटायचं ही स्वतःच डीपी आहे.

त्या दुपारी भाकरी गार होत चालल्या होत्या. मुलगा एकटाच ड्रम वाजवत होता असं मला वाटलं, कारण नाल्यातून गुरगुर येत होती. सीताफळं पिकली होती, नाल्याच्या दोन्ही अंगांना. मी काठावरून हाक मारली, "बास झालं वं! जेवाले चल."

गुरगुर आली.

"तू येऊन राह्यली का मी येऊ?"

पुन्हा गुरगुर, जरा जोरात. मला राग आला. सासूला असं उत्तर द्यायचं? मी उतरले. अर्ध्या उतारावर मनात आलंसुद्धा, की आज हिचा आवाज काय लागला आहे. मग झुडपातून एक काळं पिल्लू बाहेर आलं, माझ्याकडे पाहून बसलं, आणि त्याच्या मागून त्याची आई दोन पायांवर उभी राहिली. मी काही केलं नाही. करायला वेळच नव्हता.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. वास. पानं. धडधड. मग धडधड थांबली. इतकं शांत झालं की अस्वलाच्या नाकातून वारा आतबाहेर होताना ऐकू येत होता. त्या शांततेत मला वरून पहिला गाणारा ऐकू आला, तीच टोकदार किंकाळी. मला वाटलं, हा पुण्याहून कधी आला? मग दुसरा. लांब, न तुटणारी हाक, "आत्याबाईऽऽ", आणि मी डोळे मिटले, कारण त्याच्या सुरात डोळे मिटतातच. मग ती गुरगुर, अगदी कानाजवळ. आता गुरगुरणारे दोघे होते, आणि कोणती कोणाची हे मला कळलं नाही, मला वाटतं अस्वलालाही कळलं नाही. त्यानं मान वर केली. माझ्या छातीवरचं वजन उठलं. पितळेची ताटली आदळल्यासारखा आवाज होत राहिला, होत राहिला, आणि मी त्या आवाजावरून कुठेतरी खाली उतरत गेले.

बुलढाण्याच्या दवाखान्यात पंखा फिरायचा आणि त्याच्या प्रत्येक फेरीला कोणीतरी गायचं. औषधाचा अंमल होता. डावा कान शिवलेला होता, त्या बाजूनं जग विहिरीतून ऐकू यायचं. मी मुलाला विचारलं, "ते दोघं गेले का परत?"

"कोण दोघं?"

"तुमचे गाणारे. नाल्यावर आले होते ते."

मुलानं सुनेकडे पाहिलं. "माय, तिथं हीच होती. मी मागून ड्रमची झांज बडवत आलो."

सून तर सकाळपासून कोठ्यातच होती, घसा बसला म्हणून गरम पाणी पीत बसलेली. मुलानं काडी बदलायला ड्रम थांबवला, तेवढ्या फटीत तिला नाल्यातून आवाज आला. मी तिला विचारलं, "तुले कसं समजलं?"

"मी तर कोठ्यात होते, आत्याबाई. मग नाल्यात कोण गायलं?" ती म्हणाली. मला पहिल्यांदाच दुसऱ्यांदा न विचारता ऐकू आलं. घसा इतका फाटला होता की हळू बोलणं तिला जमतच नव्हतं.

"अन् त्या दोघांचे आवाज कोणी काढले?"

"मला नाही माहीत. मी नुसती ओरडले."

जंगल खात्याचा माणूस चौकशीला आला. तो म्हणाला, "आजी, अस्वल गुरगुरते, तुम्हाला ऐकू नाही आलं?"

"आलं ना. सुनेचं वाटलं."

त्यानं लिहिणं थांबवलं आणि तोंड फिरवून खांदे हलवत उभा राहिला. सून हसली, या वेळेला आवाज करून, खरखर खरखर. घरी आल्यावर गावातल्या बायका भेटायला आल्या त्यांनी तर हद्द केली. एक म्हणाली, "बरं झालं मावशी, सुनेले अस्वल समजून काठी नाही घातली." दुसरी म्हणाली, "आता सुनेले बोलायच्या आधी मागून शेपूट पाहत जा." हसल्यानं टाके ओढले जायचे. मी त्यांना चहा पाजून काढून दिलं.

आता सून कोठ्यात माझ्यासमोरच रियाझ करते. मी खाटेवर उजवा कान तिच्याकडे करून पडते. ऊन टिनावर तापतं, सीताफळाची पानं पिवळी होतात, आवाज येतो आणि जातो, कधी एकाचा, कधी तिघांचा. जाग येते तेव्हा कोण गात होतं ते सांगता येत नाही, आणि मी विचारतही नाही. अस्वलाला कोणत्या आवाजानं उठवलं हेही कोणाला माहीत नाही. मुलगा म्हणतो, झांजेनं. म्हणू दे.

परवा तो पुन्हा मोबाइल घेऊन बसला. "माय, शेवटचं सांग. तिघांत बरा कोण?"

"अस्वलाले विचार."

त्या दुपारी नाल्यात आम्ही पाच जण होतो. मी, सून, मुलगा, अस्वल आणि त्याचं पिल्लू. पाचही जगलो.