दोन दिवसांचा पाऊस

नव्वदच्या दशकात सहा वर्षं मी लोणंदजवळच्या एका खेड्यात, सरकारी कार्यालयात कारकून होतो. बायको आणि दोन मुली सांगलीला. एरवी शनिवारच्या पॅसेंजरनं मी घरी जाई आणि रविवारी संध्याकाळी परत येई. पण जून ते सप्टेंबर जाता येत नसे. कार्यालयामागच्या पर्जन्यमापकाचं काम माझ्याकडे होतं, आणि पाऊस रविवारची सुट्टी पाळत नाही.

काम पाच मिनिटांचं. तारेच्या कुंपणात एक नरसाळं, खाली बाटली. रोज सकाळी साडेआठला कुलूप काढायचं, बाटलीतलं पाणी काचेच्या मापात ओतायचं, डोळा पाण्याच्या पातळीला आणून आकडा वाचायचा, वहीत लिहायचा, पाणी ओतून द्यायचं. तो आकडा आदल्या चोवीस तासांच्या पावसाचा. त्या भागात पाऊस बेताचा. पुष्कळ दिवस बाटली कोरडी निघे, पण शून्यसुद्धा बघूनच लिहायचं, असा माझा नियम होता. किल्ली माझ्या खिशात असे. चौकीदारमामा माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, त्याच कार्यालयात जन्म काढलेले, पण मी त्यांना माप हाताळू देत नसे. ते उभ्याउभ्या वरून आकडा वाचतील आणि चुकतील, असं मला वाटे.

गावात दुसरं ख्रिस्ती घर नव्हतं. रविवारी मी खोलीत एकटाच उपासना करी. गीत सुरू करायचो, आणि दुसऱ्या ओळीला बायकोचा खालचा सूर येतो तिथे मी थांबायचो. तो आला नाही की पुढे गाता येत नसे. सांगलीच्या आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं; भाकरीच्या तुकड्यांचं ताट आणि द्राक्षारसाचे लहान प्याले हातोहात फिरतात. पावसाळ्यात माझे सतरा-अठरा रविवार जात, त्यांत चार प्रभुभोजनं. उपाशी माणसाला भाकरीची आठवण यावी तशी त्या ताटाची आठवण येई. आमच्याकडे द्राक्षारस बायकोच करायची. तासगावचे काळे बेदाणे शनिवारी भिजत घालायचे, उकळायचे, पातळ फडक्यातून गाळायचे. त्या वासासकट सगळं आठवे.

पाचव्या वर्षी ऑगस्टमध्ये आमच्या मंडळीनं तीन दिवसांच्या सभा ठेवल्या. विषय होता समर्पित जीवन. बायकोनं पत्रात लिहिलं, "रविवारी सकाळी साक्षी आहेत. पाळकसाहेब तुमचं नाव धरून बसलेत." मी सोमवारची रजा टाकली. शाखा अभियंत्यांनी सही केली. मापाचं काय, ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. शनिवारी साडेआठचा आकडा लिहून, किल्ली खिशात घालून मी गाडीला बसलो.

रविवारी सकाळी साक्ष द्यायला, म्हणजे प्रभूनं आपल्यात काय केलं ते मंडळीपुढे सांगायला, उभा राहिलो तेव्हा समोरच्या भिंतीवरच्या घड्याळात साडेआठ वाजले होते. मी ते पाहिलं. आणि म्हणालो, "मी मोठी पापं केली नाहीत, पण लहान गोष्टीही प्रभूच्या स्वाधीन केल्या आहेत. माझ्या कामात मी कधी एक आकडा खोटा लिहिला नाही." तोपर्यंत ते खरं होतं. मंडळीनं आमेन म्हटलं. त्या सकाळी मला फार भरून आलं होतं, आणि ते भरून येणंही खोटं नव्हतं.

सोमवारी दुपारी परतलो. बाटलीत पाणी होतं. मोजलं, चौदा पूर्णांक दोन मिलिमीटर. हे दोन दिवसांचं एकत्र. वहीत रविवार आणि सोमवार अशा दोन कोऱ्या ओळी. शेऱ्याच्या रकान्यात 'दोन दिवसांचे एकत्रित' असं लिहायची सोय होती. तसं लिहिलं असतं तर मी नव्हतो हे दिसलं असतं. एकोणीस वर्षांच्या नोकरीत माझ्या सेवापुस्तकात एकही वाईट शेरा नव्हता. मी पाऊस दोन दिवसांत वाटला. आधी मनात नऊ पूर्णांक शून्य आणि पाच पूर्णांक दोन आलं. मग वाटलं, पूर्ण आकडा मुद्दाम लिहिल्यासारखा दिसेल. म्हणून रविवारी आठ पूर्णांक सहा, सोमवारी पाच पूर्णांक सहा. बेरीज चौदा पूर्णांक दोन. बेरीज बरोबर होती.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मामा सहज म्हणाले, "ह्या बारीला रईवारी सांजचं लय झोडपलं बगा. शनवारी थेंब न्हाई, आन रईवारी दिवस कलल्यावर धरला त्यो दोन तास."

"शनिवारी काहीच नाही?"

"न्हाई. माझी वैरण वाळत पडलीवती की अंगणात. रईवारी सकाळी दहाला उचलली, कोरडी खडंग." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "का वो? वहीत काय लिवलंसा?"

मी चहाचा कप खाली ठेवून वही उघडली. म्हणजे रविवारी सकाळचा खरा आकडा शून्य, आणि सगळा पाऊस सोमवारच्या ओळीतला. माझ्या वहीत त्या महिन्याला पावसाचा एक दिवस जास्त पडला होता, आणि तो मी पाडला होता. तोही मी साक्ष देत होतो त्या सकाळचा.

मामा हसले. त्यांचं घर बौद्ध. "आमच्या पंचशीलात चौथंच हाय, खोटं बोलू नाय म्हनून. तुमच्यात कितवं?"

"दहा आज्ञांतलं नववं."

"मंग बरंय की. तुमचं जरा लांब हाय."

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी मी घरी होतो. चार महिने ज्या दिवसाची वाट पाहिली तो हाच. ताट फिरवण्याआधी पाळकसाहेब नेहमी सांगत, ज्याच्या मनात काही अडलंय त्यानं आधी ते मोकळं करावं, मग हात पुढे करावा. मी हे वाक्य शेकडो वेळा ऐकलं होतं आणि शेकडो वेळा हात पुढे केला होता. त्या दिवशी ताट माझ्यापाशी आलं, मी ते दोन्ही हातांनी धरलं आणि तसंच बायकोकडे दिलं. तिनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं, एक तुकडा घेतला, ताट पुढे दिलं. मग लहान प्याले आले. बेदाण्यांचा वास आला. तेही पुढे दिले.

घरी आल्यावर ती म्हणाली, "काय झालंय?" मी सगळं सांगितलं.

"अहो, साडेआठ मिलिमीटर पावसासाठी?"

"आठ पूर्णांक सहा."

ती हसली नाही. "तुम्हाला ना, माफीसुद्धा पावती घेऊन हवी असते," म्हणाली, आणि पानं वाढायला उठली.

नोव्हेंबर तसाच गेला. डिसेंबरही. नाताळात घर पाहुण्यांनी भरलेलं, मुली गाण्याच्या मेळ्यात, आणि मी सगळ्यांत असून जेवणाच्या दाराबाहेर उभा राहिल्यासारखा. कुणी मला अडवलं नव्हतं. ताट दर वेळी माझ्या हातातून जात होतं. मला ते हवं होतं, इतकं आयुष्यात दुसरं काही हवं वाटलं नाही. पण हात पुढे केला तर तो साक्ष देऊन दुसऱ्या दिवशी खोटा आकडा लिहिणाराच हात असेल, हे मला कळत होतं.

शेवटी पाळकसाहेबांकडे गेलो. ते कुंड्यांना पाणी घालत होते. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "भाऊ, खोटं कुणाशी बोललास?"

"वहीशी."

"मग इथं काय करतोस? वहीला जाऊन सांग."

जानेवारीत मी शाखा अभियंत्यांच्या टेबलासमोर उभा राहिलो. ते माझ्याहून तरुण, स्वभावानं चांगले. "बेरीज जुळते ना? मग सोडा की," म्हणाले. "तक्ते साताऱ्याला गेले. आता उकरलं तर मला तुमचा खुलासा मागावा लागेल."

"मागा."

"सेवापुस्तकात येईल."

"येऊ द्या."

 त्यांनी पेन खाली ठेवलं आणि वही माझ्याकडे सरकवली. मी त्या दोन ओळींसमोर लाल शाईनं लिहिलं की हे आकडे प्रत्यक्ष मोजमापाचे नाहीत, दोन दिवसांचं एकत्रित मोजमाप चौदा पूर्णांक दोन आहे, आणि सही केली. पंधरा दिवसांनी लेखी ताकीद मिळाली. सेवापुस्तकात एका ओळीचा शेरा पडला.

फेब्रुवारीत मी भाकर घेतली. वाटलं होतं, डोळ्यांत पाणी येईल. तोंडात तुकडा होता आणि मन हिशेब करत होतं की चार महिने थांबलो, खुलासा दिला, शेरा घेतला, म्हणजे आता फिटलं. फिटलं असं वाटलं, आणि त्याच क्षणी कळलं की जे मी मागत होतो ते हे नाही. भूक तशीच राहिली. बायकोला म्हणालो तर ती एवढंच म्हणाली, "तुम्ही अजून मापच धरून बसलाय."

ती रागानं म्हणाली नव्हती, पण ते वाक्य माझ्याबरोबर लोणंदला आलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी अभियंत्यांची परवानगी काढली आणि मामांना कुंपणात नेलं. म्हटलं, "रविवारचं तुम्ही बघायचं."

"मी? पाच सालं तुमी मला कुलपाला हात लावू दिला न्हाई."

"चुकलं माझं. डोळा पाण्याच्या पातळीला आणायचा. वरून बघायचं नाही."

त्यांनी पाणी ओतलेलं माप हातात घेतलं, वाकून पाहिलं, मग कुंपणाबाहेर येऊन कार्यालयाच्या कट्ट्यावर ठेवलं आणि समोर उकिडवे बसले.

"हातात धरून वाचतात, मामा."

"हातात धरलं की कलतंय, सायेब. तुमचं बी कलतंय. मी बगतो की रोज. सांगावं म्हनलं तर तुमी कवा इचारलं न्हाई."

मी माप पुन्हा हातात घेऊन पाहिलं. खरंच कलत होतं. किंचित, केसभर. पाच वर्षं रोज सकाळी मी डोळा पातळीला आणत होतो आणि हात तिरका धरत होतो. त्या सगळ्या आकड्यांत किती फरक पडला असेल, त्याचा अंदाज करायला लागलो आणि मध्येच सोडून दिला. मामा वर बघून म्हणाले, "आता ह्याचाबी लाल शाईनं खुलासा करताय का काय?" त्या मापापाशी मी पहिल्यांदा हसलो. किल्ली त्यांच्याकडे दिली.

जुलैच्या पहिल्या रविवारी मी सांगलीत होतो. उपासना सुरू झाली. बायकोनं दुसऱ्या ओळीला खालचा सूर धरला. साडेआठ वाजले तेव्हा मी घड्याळाकडे पाहिलं. तिकडे मामा कट्ट्यासमोर उकिडवे बसले असतील, एवढंच मनात आलं. सवयीनं हात खिशात गेला, तिथे रुमाल होता. ताट आलं. मी तुकडा घेतला तेव्हा काही फिटल्यासारखं वाटलं नाही. माझ्याकडे देण्यासारखं काही नव्हतं आणि कुणी मागतही नव्हतं. तुकडा जिभेवर होता, आणि बाजूला ती होती.

संध्याकाळी परत गेलो. वहीत वाकड्या अक्षरात तीन पूर्णांक चार लिहिलं होतं. पाणी केव्हाच ओतून दिलं होतं, पडताळायला काही उरलं नव्हतं. मी वही मिटून कपाटात ठेवली.

त्या सकाळसारखा तुकडा पुढे पुष्कळदा हातात आला. तसं रिकामं होऊन घेणं मात्र क्वचितच जमलं. अजूनही पहिला रविवार आला की शनिवारी बेदाण्यांचा वास सुटतो, आणि मी उद्याची वाट पाहतो.